करडीच्या तेलाचा तंबू

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पाशामियाँ गल्लीत सतरंजी टाकून तंबूचा शेवटचा कोपरा शिवत होते. हातात दाभण, दातांत सुतळी, कानांवर मफलर. २००३ सालातला तो पहिला दिवस होता, पण गल्लीत त्याची कोणी दखल घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी येळवस होती, आणि येळवशीपुढे लातूरकडे नव्या वर्षाला कोणी विचारत नाही.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी अडत बंद, दाळमिली बंद, दुकानांची शटरं खाली. ज्याचं शेत आहे तो आपल्या शेतात जेवतो आणि ज्याचं नाही तो दोस्ताच्या. एका नव्या क्लासवाल्या सरांनी पहिल्याच वर्षी नेमकी त्या दिवशी परीक्षा ठेवली होती. वर्गात ते एकटेच होते. पुढच्या वर्षापासून त्यांच्याकडेही सुट्टी असते.

पाशामियाँना शेत नव्हतं, दोस्त होता. पण ते इतरांसारखे दुपारी जाऊन संध्याकाळी परत येत नसत. आदल्या दिवशीच बायको, दोन मुली आणि तंबू घेऊन निघायचे आणि रात्र शेतात काढायचे. गल्लीतल्या लोकांना हा शौक वाटायचा. बाहेरून पाहणाऱ्याला तसं वाटणं साहजिक होतं.

गंजगोलाईच्या बाजारामागे त्यांचं ताडपत्री शिवण्याचं दुकान. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या, अडतीवरच्या धान्यावर झाकायचे कपडे, फाटलेली बारदानं, सगळं तिथे येतं. घरचा तंबूही तिथल्याच तुकड्यांचा. एक बाजू ट्रकच्या हिरव्या ताडपत्रीची, दुसरी खाकी, मागची भिंत भूकंपात आलेल्या मदतीच्या तंबूची. तिच्यावर कुठल्यातरी परदेशी संस्थेच्या नावाची शेवटची तीन अक्षरं अजून दिसत होती. जिक्रा, म्हणजे धाकटी, ती तीन अक्षरं शिकून मग एबीसीडी शिकली.

बाकीचं सामानही त्याच वयाचं. पंपाचा स्टोव्ह, त्याला पिन मारल्याशिवाय चालत नसे. काच तडकलेला कंदील. दोन सेलची बॅटरी, तिला चापट मारली की उजेड पडे. पाण्यासाठी कॅनव्हासची छागल, तिच्यातलं पाणी जानेवारीत पिववत नसे इतकं गार. आणि जर्मनचं एक पातेलं, त्याचं बूड इतक्या वेळा ठोकून सरळ केलेलं की ते आता कुठल्याच चुलीवर सरळ बसत नव्हतं.

पाशामियाँनी कोपरा पुरा केला, सुतळी तोडली आणि कापडावर अंगठा टेकवला. अंगठा चिकटला. ओढून काढताना बारीक आवाज झाला.

सादिया क्लासला निघाली होती. ती थोरली, बारावी सायन्सला. तिने सायकल भिंतीला टेकवली आणि वास घेतला.

"क्या अब्बा," ती म्हणाली, "तंबू है की भजा?"

"सुख जाता," पाशामियाँ म्हणाले. "धूप में सुख जाता."

तंबूला तेल का लावावं लागलं, हे सांगायचं तर नऊ वर्षं मागे जावं लागतं.

भूकंप झाला तेव्हा पाशामियाँचं घर पडलं नाही. लातूर शहरात फारसं काही पडलं नाही. पण त्यांच्या बायकोची, मलिकाची, खाला म्हणजे मावशी किल्लारीकडच्या एका गावात राहायची. तिच्या घराच्या जागी दगड आणि मातीचा ढीग उरला. मलिका ते पाहून आली आणि त्या दिवसापासून छताखाली झोपेना. त्या दिवसांत कोणीच झोपत नव्हतं. सगळं लातूर रस्त्यावर, मैदानावर, गाड्यांखाली झोपत होतं. पाशामियाँ दिवसभर दुसऱ्यांचे तंबू शिवायचे. उरलेल्या तुकड्यांतून हा उभा राहिला. दोन महिन्यांनी जिक्रा झाली. तिला दवाखान्यातून घरी आणलं ते तंबूतच.

त्याच हिवाळ्यात शेषेराव दुकानात आले. उदगीर रस्त्याला त्यांचं शेत. दर हंगामात बारदानं शिवून घ्यायला ते पाशामियाँकडे यायचे. त्यांनी मैदानावरचा तंबू पाहिला आणि म्हणाले की झोपायचंच बाहेर तर धुळीत कशाला, येळवशीला शेतात या. पाशामियाँ सगळ्यांना घेऊन गेले. मलिकाने ज्वारीच्या रानात तंबूसमोर खिचडी रांधली, सिंधुबाईंच्या, म्हणजे शेषेरावांच्या मालकिणीच्या, हातची भज्जी, म्हणजे येळवशीची मिसळीची भाजी, खाल्ली आणि भूकंपानंतर पहिल्यांदा हसली. कशावर हसली ते कोणाला आठवत नाही. पाशामियाँना एवढंच आठवतं की परत आल्यावर ती पत्र्याखाली झोपायला तयार झाली. अट एकच, तंबू दाराजवळ तयार पाहिजे. आणि दर येळवशीला तो शेतात लावून, त्यात झोपून, धड आहे की नाही बघायचा. लोकांना जी सहल दिसायची ती खरं तर तपासणी होती. मुली मोठ्या होता होता तिची सहल झाली, एवढंच.

आता लातुरात ज्याच्या त्याच्या घरावर मजला चढत होता. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून पोरं क्लाससाठी येत होती आणि त्यांना खोल्या कमी पडत होत्या. गेल्या उन्हाळ्यात पाशामियाँनीही पत्रे काढून स्लॅब टाकला. वर दोन खोल्या काढल्या. तिथे नायगावकडची चार पोरं राहायला आली आणि मलिका त्यांचे डबे करू लागली. दिवसभर ती स्लॅबखाली बिनघोर वावरायची. रात्र झाली की गादी उचलून अंगणातल्या पडवीत. पावसाळा तिने तसाच काढला. थंडी पडली तसा खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बाहेर झोपू नका म्हणाले. मलिकाने औषध घेतलं.

पाशामियाँनी महिनाभर समजावलं. शेवटी ती म्हणाली की येळवशीला तंबू बघते आणि मग ठरवते. गेल्या साली शेतात भुरभुर पाऊस आला होता आणि तंबू नेमका तिच्या उशीवर गळला होता. ती ते विसरली नव्हती.

"तंबू टपक्या," ती म्हणाली, "तो मैं अंदर नै सोती."

मग पाशामियाँनी मनावर घेतलं. कॅनव्हासला तेलाचा हात दिला की पाणी आत येत नाही, हे त्यांच्या वडिलांच्या वेळचं काम. वडील जवसाचं तेल उकळून लावायचे. पाशामियाँच्या ओळखीच्या घाण्यावर करडीचं तेल निघायचं, आणि तळाचा गाळ तर घाणेवाला असाच देत होता. तेल ते तेल, असा त्यांनी विचार केला. गाळ दाट असतो, जास्त बसेल, असाही केला. त्यांनी तो भरपूर चोपडला. थंडीचे दिवस असल्यामुळे तो वाळला नाही, हे खरं. पण अंगठा चिकटणं वेगळं आणि पाणी गळणं वेगळं.

सादिया क्लासहून आल्यावर अकराच्या एस.टी.ने निघाले. तंबू टपावर टाकताना कंडक्टरने तेल लागलेलं बोट नाकाशी नेलं आणि आत काय शिजवलंय म्हणून विचारलं. पाशामियाँनी ताडपत्री आहे एवढंच सांगितलं. गाडीत सादियाने फिजिक्सच्या नोट्स उघडल्या त्या फाट्यापर्यंत मिटल्या नाहीत. तिने मैत्रिणींना सांगितलं होतं की मामाच्या फार्महाउसवर चाललेय. जिक्राने हे घरात आधीच फोडलं होतं.

फाट्यावर शेषेराव बैलगाडी घेऊन उभे होते. पटक्याच्या आत कानटोपी, अंगात सुनेने विणलेला गुलाबी स्वेटर. त्यांनी तंबू गाडीत टाकला आणि सगळी बसली. डावीकडच्या बैलाचं नाव पाखऱ्या. तो चार पावलं चालायचा आणि मान मागे वळवायचा.

"पाखऱ्याला तुमी लई आवडायलेत पाशाभाई," शेषेराव म्हणाले. "इतकं तर त्यो मला बी बघत न्हाई."

पाशामियाँना बरं वाटलं. नऊ वर्षांची ओळख, जनावर ओळखणारच, असं ते मलिकाला म्हणाले.

शेतात हरभरा फुलावर आला होता आणि ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. विहिरीजवळ दरवर्षीच्या जागी तंबू उभा केला. काळ्या जमिनीला भेगा असतात, खुंटी कधी भेगेत जाते आणि हाताला लागत नाही, म्हणून पाशामियाँ बारदानांत माती भरून ती पुरायचे आणि दोर त्यांना बांधायचे. हे काम तासाभराचं. उन्हात तेल तापलं आणि रानभर पेंडीचा वास सुटला. सिंधुबाई पाणी घेऊन आल्या, तंबूभोवती एक फेरी मारली आणि भाभींनी एवढं तेल स्वैपाकात घातलं तर पावणे वरीसभर जाणार न्हाईत, असं शेषेरावांना म्हणाल्या. मलिकाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या.

मलिका आत जाऊन बसली. तिने चारी शिवणींवरून हात फिरवला, हात पुसला आणि सतरंजी अंथरली. पाशामियाँच्या मते ही चांगली खूण होती.

मग कोपीचं काम निघालं. येळवशीला शेतात कडब्याच्या पेंढ्यांची लहान खोप करतात, तिच्यात पांडवांची पूजा असते. पेंढ्या शेषेराव उभ्या करायचे आणि गाठी पाशामियाँ मारायचे. पहिल्या वर्षी शेषेरावांची कोपी पूजा चालू असताना त्यांच्याच अंगावर पडली होती. तेव्हापासून ते ताडपत्रीवाल्याचंच काम ठरलं होतं. कोपीची जागा बांधाच्या पलीकडे, आंब्याखाली. दोघं तिकडे गेले. मलिका आणि सिंधुबाई जिक्राला घेऊन हरभऱ्याची भाजी खुडायला गेल्या. तंबूवर लक्ष ठेवायला सादिया राहिली. ती आत बसून फिजिक्समधली रोटेशनची गणितं सोडवत होती.

पाखऱ्या आखाड्यापाशी बांधलेला होता. आखाडा म्हणजे शेतातला गोठा आणि त्याला लागून पत्र्याची खोली, तंबूपासून हाकेच्या अंतरावर. त्याने दावं कसं सोडवलं हे कळलं नाही. शेषेरावांचं म्हणणं, गाठ पाशाभाईंनी मारली असती तर सुटली नसती.

कोपी बांधून दोघं बांधावर आले तेव्हा पाखऱ्या तंबूच्या हिरव्या बाजूला उभा होता आणि सावकाश, डोळे अर्धे मिटून, रवंथ केल्यासारखा चावत होता. तोंडातून दोरीचं एक टोक लोंबत होतं. हिरव्या बाजूतला, माणूस उभा आत जाईल एवढा, भाग गायब होता. काही भाग खाली चिखलाच्या बोळ्यासारखा पडला होता. उरलेला पाखऱ्याने ठेवून घेतला होता.

शेषेरावांनी ओरडून त्याला मागे ओढलं. भगदाडातून सादिया दिसली. मांडीवर नोट्स, हातात पेन्सिल. तिने मान वर केली, आधी बैलाकडे आणि मग आभाळाकडे पाहिलं.

"मेरे को लगा," ती म्हणाली, "आप कपडा तान रहे."

मन एकाग्र कसं करावं यावर क्लासमध्ये महिन्यातून एकदा व्याख्यान असे. सादियाला ते लागू पडलं होतं.

शेषेरावांना बैलाची काळजी. त्यांनी पाखऱ्याचं पोट दाबून पाहिलं, कान लावला, तोंडातून दोरी ओढून काढली. पाखऱ्या अजून तंबूकडेच बघत होता. पाशामियाँ खाली बसले होते. त्यांनी चघळलेलं कापड हातात घेतलं होतं आणि त्याचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

"तंबू परत भेटंल पाशाभाई," शेषेराव म्हणाले. "थोडा टाइम लागंल."

पाशामियाँ हसले नाहीत. शेषेरावांना स्लॅबचं, खोकल्याचं आणि अटीचं सगळं ठाऊक होतं. फाट्यावरून येताना पाशामियाँनी हळू आवाजात तेच सांगितलं होतं. तेही मग खाली बसले. भाजी खुडणाऱ्या बायका अजून दूर होत्या. पाशामियाँ उठले, आंब्याखालच्या उरलेल्या पेंढ्या आणायला गेले, आणि शेषेराव न विचारता मागे गेले. कोपीला उभ्या करतात तशा पेंढ्या त्यांनी भगदाडाला एकाला एक लावून उभ्या केल्या. वरून, खालून, मधून दोर फिरवला. पाशामियाँनी गाठी मारल्या. वर दोन पेंढ्या उतरत्या ठेवल्या, पागोळी बाहेर जाईल अशा. काम घाईचं होतं, पण गाठी नेहमीच्याच होत्या.

मलिका ओटीत भाजी घेऊन आली आणि थांबली. तिने पेंढ्या पाहिल्या, बैल पाहिला, नवरा पाहिला. जिक्राने तंबूला एक चक्कर मारली आणि कोपी दोन कशाला म्हणून विचारलं. मग ती पाखऱ्याकडे गेली, त्याच्या ओठाला लागलेला हिरवा दोरा काढला आणि आईला आणून दिला.

सिंधुबाई म्हणाल्या की भाभी, आज आखाड्यात झोपा. पत्रे हायत, वाकळा हायत, पोरींना थंडी लागायची न्हाई. शेषेरावांनीही मान हलवली. पाशामियाँ तंबूच्या गाठी चाचपू लागले. आखाड्यात झोपलं म्हणजे तंबू नापास, हे त्यांना आणि मलिकाला ठाऊक होतं. पत्र्याखाली ती झोपली असती, प्रश्न तो नव्हता. घरी परतल्यावर गादी पुन्हा अंगणात गेली असती, आणि अजून थंडीचा महिना जायचा होता.

मलिका तंबूत शिरली. बराच वेळ बाहेर आली नाही. नंतर आतून तिने स्टोव्ह मागितला.

संध्याकाळी खिचडी आणि चिंचेचा खट्टा झाला. स्टोव्हला तीनदा पिन मारावी लागली, पातेलं नेहमीसारखं एका बाजूला कललं आणि त्या बाजूची खिचडी लागली. ती लागलेली खिचडी शेषेराव दरवर्षी मागून घेतात. सादियाला रोटेशनवरून सगळ्यांनी पिडून झालं. तिनेही मग नोट्स मिटल्या आणि फार्महाउसवर जेवण बरं मिळतं असं जाहीर केलं. पाखऱ्याला आखाड्यात दुहेरी दाव्याने बांधलं. गाठ पाशामियाँनी मारली.

रात्री दव पडलं. येळवशीच्या सुमारास पडतं तसं, पावसासारखं. सकाळी ज्वारीची पानं वाकली होती, बैलगाडीचं जू ओलं होतं, आणि तंबूची तेलाची बाजू मोत्यांसारख्या थेंबांनी भरली होती. करडीच्या तेलाने आपलं काम केलं होतं. कडब्याच्या बाजूनेही पाणी बाहेरच उतरलं होतं. पाशामियाँ झोपले नव्हते. ते उजाडताच उठून आत हात फिरवत होते, सतरंजीवर, उशांवर, मुलींच्या वाकळांवर. सगळं कोरडं होतं. मलिकाची जागा रिकामी होती. ती विहिरीवर तोंड धुऊन आली आणि तिचा आवाज बसलेला नव्हता. रात्रभरात ती दोनदाच खोकली होती. हे पाशामियाँना माहीत होतं, कारण ते मोजत होते.

आखाड्याकडून शेषेराव हसत आले. पाखऱ्याची तब्येत उत्तम असल्याची आणि हिरवं कापड अंशतः परत मिळाल्याची बातमी त्यांनी दिली. हवं असेल तर धुऊन देतो म्हणाले.

मग दिवस येळवशीचा झाला. गावातून बाया डोक्यावर टोपल्या घेऊन आल्या. कोपीत पांडव मांडले, पूजा झाली, शेषेरावांनी शेताभोवती आंबील शिंपडली. भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगदाण्याच्या पोळ्या. शेजारच्या शेतांतले लोक इकडे आणि इकडचे तिकडे. तंबू बघायला माणसं येत होती. बातमी बांधाबांधाने पुढे गेली होती. एका म्हाताऱ्याने तेल कुठल्या घाण्याचं म्हणून चौकशी केली, त्याचा बैल चारा खात नव्हता.

पाशामियाँ दिवसभर मलिकाच्या तोंडाकडे बघत होते. ती सिंधुबाईंबरोबर वाढत होती, हसत होती, आंबिलीचा दुसरा तांब्या पीत होती. निकाल मात्र सांगत नव्हती.

उन्हं कलल्यावर तंबू उतरवायला घेतला. पाशामियाँनी दोर सोडले, मातीची बारदानं उकरून काढली, पेंढ्या शेषेरावांना परत दिल्या. हिरव्या बाजूच्या चिंध्या कापून टाकल्या आणि उरलेलं कापड पसरलं तेव्हा ते अर्ध्या तंबूपेक्षा जरा जास्त भरलं. ते घडी घालायला एका बाजूने बसले. दुसऱ्या बाजूचं टोक मलिकाने धरलं.

पाशामियाँनी शेवटी विचारलं. इतकंच विचारलं, की मग?

मलिकाने घडी जुळवली, टोक त्यांच्या हातात दिलं.

"मैं टपकने का बोली थी," ती म्हणाली. "बैल का नै बोली."

पाशामियाँनी घडीवर गुडघा दाबला आणि दोर आवळला. गाठ पहिल्यांदा नीट बसली नाही. दुसऱ्यांदा बसली. मलिकाने पुढे सांगितलं ते सगळं कामाचं होतं. हिरवी बाजू नवी लावायची, आठ दिवसांच्या आत. तेल लावायचं तर जवसाचं, आणि होळीनंतर, उन्हात. तोवर जे आहे ते दाराजवळ. गादी आत, पण दारापासून पहिली तिची.

परतीच्या बसला गर्दी होती, अख्खं लातूर शेतांतून परत येत होतं. तंबू या वेळी टपावर टाकावा लागला नाही, मांडीवर मावला. शेजारच्या माणसाने वास घेतला आणि भजी उरलीत का म्हणून विचारलं. जिक्राने त्याला बैलाची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. सादिया झोपली होती.

घरी आल्यावर मलिकाने पडवीतली गादी झटकली आणि आत नेली. पाशामियाँनी तंबू दाराच्या डाव्या हाताला ठेवला, दार उघडताना आड येणार नाही असा. वरची पोरं गावाहून परतली होती. त्यांच्या बोलण्याचा आवाज स्लॅबमधून येत होता. मलिकाने एकदा वर पाहिलं आणि सकाळच्या डब्यांसाठी मटकी भिजत घातली.

उद्या त्या पोरांचा क्लास सातला आहे, सादियाचाही. डबे साडेसहाला भरतात. पाशामियाँचं दुकान नऊला उघडतं.